सावडीतला ड्रोन

तात्यांच्या बांधावर पोचलं की आधी यंत्राची विचारपूस व्हायची, माझी नंतर. "दमला न्हाई ना रं वाटंनं?" हे मला नसायचं. टेम्पोच्या हौद्यात गोणपाटावर सहा हात मुडपून बसलेल्या ड्रोनला असायचं. मी बाई खड्ड्याखड्ड्यांतून हाडं खिळखिळी करून घेत आलेली, घशाला कोरड पडलेली, पण नाही. आधी उपरण्यानं त्याच्यावरची धूळ पुसायची, एकेक पातं बोटानं फिरवून बघायचं, आणि मग माझ्याकडे वळून म्हणायचं, "अगं, तू बी आलीस व्हय? बस की."

मला सुरुवातीला याचा राग यायचा. नंतरही यायचा. राग येणं हा माझा स्वभावच आहे, त्यात तात्यांचा काही दोष नाही.

त्या वेळी आम्ही तिसगावात राहायचो. नवरा दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर आणि मी रोजानं खुरपायला जाणारी. आमच्या नावावर मातीचं ढेकूळसुद्धा नाही. आमच्या बचत गटाला फवारणीचा ड्रोन मिळाला, आणि तो उडवायला शिकायला कोण जाणार म्हटल्यावर सगळ्या बायका आभाळाकडे बघायला लागल्या. दहावी पास मी एकटी. गेले, शिकले, परत आले ती पायलट होऊन! सासूनं माझी दृष्ट काढली. गावात मात्र कौतुकापेक्षा शिव्याच जास्त. पाठीवर पंप बांधून फवारणीला जाणारे जे गडी होते, त्यांचं काम माझ्या ड्रोननं एका हंगामात खाल्लं. त्यांच्यातल्या काहींच्या बायका कालपर्यंत माझ्या शेजारच्या पातीला खुरपत होत्या. त्या आता मला रस्त्यात बघून तोंड फिरवायच्या. मी काय करणार? तणनाशकानं माझी खुरपणी खाल्ली, तेव्हा माझ्यासाठी कोण रडलं होतं?

तर तात्या. नाव सांगून उपयोग नाही, डोंगराकडेच्या त्या सगळ्या वस्त्यांवर ते सावडवाले तात्या म्हणूनच ओळखले जातात. सत्तरी ओलांडलेले, वाळल्या शेंगेसारखे काटक, आणि आवाज असा की शेजारच्या रानातला बैल दचकावा. त्यांनी जन्मात कधी मजूर लावला नाही आणि कुणाच्या मजुरीला गेले नाहीत. त्यांचं सगळं सावडीवर. म्हणजे आज तुम्ही माझ्या रानात राबलात की उद्या मी तुमच्या रानात राबायचं. माणसाला माणूस, दिवसाला दिवस. पैशाचं नाव काढायचं नाही.

कुणाची सावड अंगावर राहिली की तात्यांना अन्न गोड लागायचं नाही. पोराच्या लग्नात अक्षता पडल्या पडल्या हे मांडवातून गायब. व्याही विचारतायत वरबाप कुठं, फोटोवाला ताटकळलाय, भटजी घड्याळ बघतायत. शेवटी कुणीतरी शोधून काढलं, तर हे फेट्यासकट शेजाऱ्याच्या भुईमुगात शेंगा उपटत बसलेले. "त्याचा एक दिस व्हता माझ्याकडं," म्हणाले, "सुनंचं पाऊल घरात पडायच्या आत नको का फिटाया?" ही गोष्ट काकूंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, मला पहिल्याच दिवशी सांगितली, आणि त्यांचा राग इतक्या वर्षांनीही ताजा होता. "फोटूत मी एकलीच हाय बघ," म्हणाल्या. "बघनाऱ्याला वाटतंय रांडमुंडच हाय."

मी पहिल्यांदा गेले तो दिवसच वाईट होता. तात्यांची सावड पाच घरांची. एकानं ट्रॅक्टर घेतला, त्याला माणसं नकोशी झाली. दुसरा नगरला फ्लॅटात गेला. तिसऱ्यानं रान सोलरवाल्यांना भाड्यानं दिलं. तिथं आता निळ्या काचांच्या रांगा आहेत आणि मालक पारावर बसून असतो. चौथं घर तेवढं उरलेलं. त्या आठवड्यात त्यानंही कांद्याला ठेकेदाराची टोळी ठरवली आणि तात्यांना येऊन सांगितलं की, "तात्या, आता कशाला तुमी ताप करून घेता." झालं. पाचवं घर म्हणजे तात्या स्वतः. स्वतःची स्वतःशी सावड कशी करायची?

तात्यांचा लेक चाकणला गाड्यांच्या कारखान्यात. वाईट नाही हो पोरगा. त्याचं एकच म्हणणं, रान सोलरला द्या आणि माझ्याकडं येऊन राहा. तात्यांनी त्याला कधीकाळी शब्द देऊन ठेवला होता की, "ज्या दिशी माझ्या रानात सावडीला कुनी येनार न्हाई, त्या दिशी सही करतो." तेव्हा पाचही घरं धडधाकट होती, त्यामुळे शब्द द्यायला काही गेलं नाही. आता तो शब्द त्यांच्याच नरड्याशी आला होता. काकू मला चुलीपाशी बसवून हे सांगत होत्या आणि डोळ्याला पदर लावत होत्या. "पोरी, तिकडं तिसऱ्या मजल्यावर मला कोंडल्यावानी व्हतं गं. खाली बघितलं की भवंड येती, वर बघितलं की पत्रा."

कांद्यावर करपा आला होता म्हणून काकूंनीच मला बोलावलं होतं. तात्या बांधावर गुडघ्यात मान घालून बसलेले. मी ड्रोन उडवला, तो वाफ्यांवरून घुमत गेला, परतला, पुन्हा गेला, आणि चहा उकळायच्या आत सगळं रान फवारून माझ्या पायाशी येऊन बसला. तात्या उठले. हळूहळू त्याच्याभोवती एक फेरा मारला.

"आला की," म्हणाले.

"कोण आला?" मी विचारलं.

"सावडीला."

मला वाटलं म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. मी समजावून सांगितलं की तात्या, हे यंत्र आहे, गटाचं आहे, त्याचे एकरी पैसे ठरलेत. त्यांनी पैसे लगेच काढून दिले. "ह्ये गटाचं झालं. आता त्याचं बोल."

"त्याचं काय बोलू?"

"ह्ये रान पंपानं मारायला मला दोन दिस लागत्यात. त्यानं आत्ता मारलं. मंग माझे ते दोन दिस ऱ्हायले का न्हाई? ते कुनाचे?"

"तुमचेच की."

"माझे कसे? कमावले त्यानं!"

प्रशिक्षणात आम्हाला वेळेची बचत, पाण्याची बचत, औषधाची बचत सगळं पाठ करून घेतलं होतं. बचत झालेला वेळ कुणाचा, हे त्यातल्या कुठल्याच सरांनी सांगितलं नव्हतं. मी नुसती 'अहो पण, अहो पण' करत राहिले आणि तात्यांनी माझ्यादेखत काकूंना हाक मारून जाहीर केलं की सावड मोडलेली नाही, नवा भिडू आलाय, आणि पोराला तसं कळवा.

पोराला कळवलं. तो फोनवर एवढ्या जोरानं ओरडला की मला बांधावर ऐकू आलं. "बाबा, यंत्राची कुठं सावड असते का? आमच्या कारखान्यात रांगेनं रोबोट उभे आहेत!"

"मंग त्यांची पाळी तू कवा करतोस?" तात्यांनी विचारलं.

"मी कशाला करीन?"

"म्हंजे फुकट राबवून घेतोस," तात्या म्हणाले आणि फोन काकूंच्या हातात दिला. त्यांना पोराची खरोखर लाज वाटली होती.

त्यानंतर मी त्या वस्तीवर कामाला गेले की माझे हालच. तात्यांच्या हिशेबानं सावडीला आलेल्याला न्याहारी, दुपारचं जेवण आणि लिंबाखाली पाठ टेकायला घोंगडी, एवढं द्यायलाच लागतं. ड्रोनपुढं भाकरी आणि ठेचा ठेवायचे. वस्तीवरचं कुत्रं येऊन ती खाऊन जायचं आणि तात्या ताट बघून म्हणायचे, "सपवली. भूक लागल्याली दिसती." मी म्हणायचे, "तात्या, कुत्र्यानं खाल्ली, माझ्या डोळ्यांनी बघितलं." तर म्हणायचे, "तू कशाला दुसऱ्याच्या ताटाकडं बघतीस?"

मग त्यांना बॅटरीचं कळलं. ड्रोनची बॅटरी लवकर उतरते, ती बदलून दुसरी लावायची आणि पहिली चार्जिंगला टाकायची. मी त्यासाठी टेम्पोत जनरेटर घेऊन फिरायचे. तात्यांना ते बघून असं लागलं म्हणता! "माझ्या रानात राबनारा भाईरचा डबा खानार? लोक काय म्हंतील?" माझं काही न ऐकता त्यांनी चार्जर नेऊन स्वयंपाकघरातल्या बटणाला लावला. फाट् असा आवाज झाला आणि त्यांच्या घरासकट पुढच्या सगळ्या वस्तीची लाईट गेली. विहिरींच्या मोटारी बंद, एकाची पिठाची चक्की बंद, माणसं बोंबलत बांधावर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तात्या मात्र अभिमानानं सगळ्यांना सांगत होते, "लई भुकेजल्याला हुता!"

पण खरा कहर पुढं झाला. मी एका बागायतदाराचा हरभरा घेतला होता फवारायला. मोठा माणूस, पांढरी पॅन्ट घालून बांधावर खुर्ची टाकून बसणारा. मी ड्रोन खाली उतरवतेय तोच तात्या हजर. पाठीवर जुना पंप, डोक्याला टापर.

"त्याला आज सुट्टी," मला म्हणाले.

"कुणाला सुट्टी?"

"ह्याला. त्याचे दोन दिस हायत माझ्याकडं." आणि ड्रोन उचलायला लावून बोरीच्या सावलीत घोंगडीवर नेऊन ठेवला. "पड निवांत. उठू नको." मग पंपात औषध कालवलं आणि शिरले हरभऱ्यात.

मालक खुर्चीवरून उठला. "ए बाई, मी ड्रोनचं बुकिंग केलंय. हे कोण म्हातारं घुसलं माझ्या रानात?"

मी काही बोलायच्या आत तात्या हरभऱ्यातूनच ओरडले, "आज ड्रोन म्या हाय!"

मी तुम्हाला सांगते, त्या मालकाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तो मला म्हणाला, तुमच्या गटाची तक्रार करतो. मी म्हटलं, करा. तो म्हणाला, माझा हरभरा जळला तर? मी म्हटलं, तुमच्या बापाचा हरभरा असल्याच पंपानं मारत होते, तो जळला होता का? खरं तर मीही आतून उकळत होते. पण बाहेरचा माणूस तात्यांना बोलला की मला खपायचं नाही, त्यांना बोलायचं ते मी बोलीन. दोन दिवस तात्या त्या रानात चालत होते. टाकी संपली की बोरीखाली यायचे, पाणी भरायचे, ड्रोनकडं बघून "कशी लागली झोप?" विचारायचे आणि परत जायचे. आणि मी, सरकारमान्य पायलट, सुट्टीवर गेलेल्या यंत्राची राखण करत बोरं खात बसलेली.

पुढं ड्रोनची एक मोटर बिघडली, दुरुस्तीला नगरला पाठवावा लागला. तर तात्या आपले पंप घेऊन आमच्या कामावर हजर. "आजारी मानसाची पाळी कुनीतरी काढावीच लागती." त्यामुळे उलट ड्रोनवरच तात्यांचा एक दिवस चढला. याचा त्यांना कोण आनंद!

गव्हाला त्यांनी हार्वेस्टरही सावडीत घेतला. पंजाबातून ती मोठाली धुडं येतात, रानात शिरली की घटकाभरात गहू पोत्यात. पण वळताना कोपरे राहतात. तात्यांचा गहू काढून हार्वेस्टर पुढच्या रानात गेला, तर हे विळा घेऊन त्याच्या मागं. पुढच्या रानाचे कोपरे कापले, त्याच्या पुढच्याचे कापले. ड्रायव्हर सरदारजी खाली उतरला आणि म्हणाला, "बाबाजी, ये क्या कर रहे हो?" तात्यांनी कंबर सरळ करून हिंदीत सांगितलं, "तुमारा मशीन मेरे गहू में आया, मैं तुमारे मशीन के गहू में आया. फिट्टंफाट." त्या बिचाऱ्याला काय कळलं कोण जाणे, पण त्यानं तात्यांच्या पाया पडून त्यांना चहा पाजला. तात्यांनी चारसहा रानं जास्तीची कापली. "आता त्यो माझ्या देन्यात हाय," मला सांगितलं. "कांद्याला येतोय का न्हाई बघ."

सगळं चाललं होतं ते त्या कांद्यासाठी. कांदा काढायला यंत्र नाही. म्हणजे असेल कुठं तरी, पण तात्यांच्या त्या उतरत्या, दगडगोट्याच्या तुकड्यात चालेल असं नाही. तो हातानंच उपटायचा, पात कापायची, वाळत घालायचा. पोरानं निरोप धाडला होता की कांद्याला मी स्वतः येतो, सावडीला कोण येतंय ते डोळ्यांनी बघतो, आणि कुणी नसेल तर त्याच दिवशी सोलरच्या माणसाला बोलावतो. तात्या म्हणाले, ये.

आदल्या दिवशी मला त्यांचा फोन आला. "त्याच्या कानाशी धर," म्हणाले. ड्रोनला कान कुठला? मी टाकीपाशी फोन धरला. तात्या मोठ्यानं बोलले, "उद्या कांदा हाय. उन्हाच्या आत ये." मग मला म्हणाले, "तू न्हाई आलीस तरी चालंल, पर त्याला वाट घावायची न्हाई." सरदारजीलाही फोन गेला होता. तो पार पुढच्या जिल्ह्यात पोचलेला. "भाईरगावी हाय, त्याचा न्हाईलाज," तात्या म्हणाले, पण आवाज उतरलेला वाटला.

सकाळी मी गेले. पोरगा आपल्या गाडीला टेकून उभा, डोळ्याला काळा चष्मा. काकू गुडघे धरून वाफ्यात बसलेल्या. तात्यांनी ड्रोन बांधावर घोंगडीवर मांडला, त्याला रामराम केला, आणि दोघं नवराबायको कांदा उपटायला लागले. ड्रोन बसून राहिला. दुसरं काय करणार?

दोन वाफे उपटून झाले. मग पोरगा म्हणाला, "बाबा, कुणी आलंय का सावडीला?"

"त्यो काय बसलाय!"

"बसलाय. पण करतोय काय?"

"आलाय की रं," तात्या म्हणाले. "तोंड तर दावलं. तेवढं बी कोन दावत न्हाई आता."

"बाबा, लहानपणी तुम्हीच सांगायचा. रानात आला आणि राबला नाही, तर ती सावड धरत नाहीत."

तात्यांनी हातातला कांदा खाली ठेवला. त्यांचाच नियम होता तो. माझ्याकडं बघून त्यांनी हळूच विचारलं, "पोरी, ह्याला काय जमंल गं?" त्यांचा तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

"वारं मारता येईल," मी म्हटलं. काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं.

"मार की मंग! पात तरी वाळंल!"

मी ड्रोन उडवला आणि वाफ्यावर खाली आणला. पुढं जे झालं ते सांगवत नाही. सगळा फुफाटा उठला. वाळलेली पात उडून पोराच्या गाडीवर जाऊन बसली, काकूंचा पदर तोंडात गेला, पोराचा चष्मा कुठल्या कुठं. घोंगडी उडून बाभळीला लटकली. मी घाईनं ड्रोन उतरवला. धूळ खाली बसली, तेव्हा तात्या मातीचे झालेले, पापण्यासुद्धा पांढऱ्या. ड्रोनकडं त्यांनी एकदा नीट बघून घेतलं.

"न्हाई जमायचं त्याला," म्हणाले आणि बांधावर बसले. "बोलीव तुझ्या त्या मानसाला."

काकू उपटलेला कांदा हातात तसाच धरून बसल्या. पोरानं फोन काढला, पण त्यालाही तो लावायची घाई नव्हती.

माझं डोकं फिरलं. कुणावर ते नक्की सांगता यायचं नाही; ड्रोनवर, पोरावर, तात्यांवर, सगळ्यांवरच. मी पदर खोचला, वाफ्यात उतरले आणि कांदा उपटायला लागले.

"उठ," तात्या ओरडले. "तू न्हाई! देनं त्याचं हाय, तुझं न्हाई. तू पाव्हनी."

"मी उठणार नाही."

"अगं, तू राबलीस तर मला तुझ्याकडं राबाया यावं लागंल. वय बघ माझं. मधीच कायतरी झालं म्हंजे? तुझं देनं डोस्क्यावर घिऊन जाऊ? मानसाची सावड आता मला घ्यायचं भ्याव वाटतंय. मशीनचं बरं असतंय. माझ्या मागं त्याला वाट बघावी लागत न्हाई."

म्हणजे हे असं होतं. मला एकदम रडूच आलं, आणि रडू आलं की मी भांडते. "काही होत नाही तुम्हाला!" मी ओरडले. "मरायच्या गोष्टी कांद्यात नकोत! सोमवारी या माझ्याकडं. सोमवारी काम आहे माझ्या रानात."

"तुला रान हाय?"

"मग? नसायला काय झालं?"

धडधडीत खोटं. पण तात्यांनी ते ऐकून टोपी झटकली आणि उठले. "न्याहारी किती वाजता करत्यात तुमच्याकडं?" त्यांनी विचारलं.

"नऊला."

"मंग मी त्याच्या आधी येतो. आता लाग कामाला, बोलत बसू नको."

मी आजवर कुणाकुणाच्या रानात कांदा काढलाय त्याची मोजदाद नाही. संध्याकाळी रोज हातावर पडला की मालकाचं आणि माझं संपलं. तुझ्याकडं कधी येऊ, असं मला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. मी खाली मान घालून उपटत राहिले, कारण डोळे पुसायला हात मातीचे होते. थोड्या वेळानं पोरगाही पॅन्ट दुमडून वाफ्यात उतरला. "बाबा, माझं धरणार का सावडीत?" त्यानं विचारलं. "तू घरचा," तात्या म्हणाले. "घरच्याचं कोन धरतंय? त्या मानसाला फोन लाव अन् सांग, यंदा न्हाई." पोरगा हसला आणि त्यानं खरंच फोन लावला.

सोमवार उजाडला. नवऱ्यानं मला विचारलं, "आपलं रान कुठंय?" मी म्हटलं, "मोरीमागं." आमच्या दोन खोल्यांच्या पाठीमागं मोरीचं पाणी जिथं सांडायचं, तिथं एक घोसाळ्याचा वेल आणि मिरचीची काही रोपं होती. त्याच्यापुढं शेजाऱ्याची भिंत.

तात्या खुरपं आणि फावडं घेऊन आले. मी त्यांना मागं नेलं. माझी मान वर होईना. आता हे बोलणार, आणि बोलले तर मी काय तोंड दाखवू? तात्यांनी वेल बघितला, मिरच्या बघितल्या, भिंत बघितली.

"ह्येच?"

"हेच."

"कोरडवाहू का बागायत?"

"बागायत," मी म्हटलं. "मोरीचं पाणी आहे."

"मंग झालं की," तात्या म्हणाले आणि उपरणं डोक्याला बांधून खाली बसले.

गल्लीतली सगळी माणसं बघायला जमली. तात्यांनी मिरच्या अशा खुरपल्या की तणाचं एक पान राहिलं नाही. वेलाला आळं केलं, खडे वेचले, मोरीच्या पाण्याला दांड काढला, वीतभर उंचीचा बांध घातला आणि त्यावर पाय देऊन तो दाबला. शेजारी हसायला लागले, तर त्यांच्यावर खेकसले, "रानातनं चाललाय, जरा बघून चाला!" नऊला न्याहारी केली. पण तेवढं रान किती पुरणार? उन्हं डोक्यावर यायच्या आत सगळं आटपलं. तात्या उभं राहून इकडंतिकडं बघायला लागले.

"तू दिसभर राबलीस माझ्याकडं," म्हणाले. "हितं अर्धाच दिस भरला. अर्धा अंगावर ऱ्हायला."

"राहू द्या हो तात्या."

"ऱ्हाऊ द्या कसं?" ते नेहमीच्या सवयीनं ओरडले. आणि मग थांबले. पुन्हा एकदा वेलाकडं बघितलं. त्यांच्या तोंडावर हळूहळू असं काही हसू आलं की मला ते लग्नातल्या नवरदेवासारखे दिसले.

"बरं, ऱ्हाऊ दे," म्हणाले. "अर्धा दिस तुझा माझ्याकडं बाकी. सावड चालू हाय."

खुरपं कमरेला खोचून ते निघाले, आणि जाताना माझ्या नवऱ्याला बजावून गेले की बांधावर पाय देऊ नको.

पुढं नवऱ्याला सोनईकडं काम लागलं आणि आम्ही तिसगाव सोडलं. ड्रोन आता गटातली दुसरी बाई उडवते. इथं आम्हाला एकच खोली आहे, दार उघडलं की डांबरी रस्ता. मिरची लावायला डबा ठेवीन म्हटलं तरी मालकीण बोलते.

परवा तात्यांच्या पोराचा फोन आला. काकुळतीला येऊन बोलत होता बिचारा. "ताई, सोलरवाले पुन्हा विचारतायत. बाबा म्हणतात, ताईंचा अर्धा दिवस फिटल्याशिवाय सही नाही. तुम्ही तेवढा घ्या ना करून. मी बाबांना गाडीनं तुमच्याकडं आणून सोडतो. सांगा, कधी आणू?"

मी दारात उभी होते. समोरून उसाचे ट्रॅक्टर चालले होते.

"दादा, इतक्यात नका आणू," मी म्हटलं. "माझ्या रानात सध्या काहीच काम नाही."